एकच नाच, दोन मापं

युक्रेनवर बॉम्ब पडायला लागून सहा महिने होत आले होते. तेव्हा, ऑगस्ट २०२२ मध्ये, काळ्या समुद्राकाठच्या सोची शहरात बर्फावरच्या नृत्याचा एक झगमगीत कार्यक्रम झाला. भरवणारी होती तात्याना नावका. ती स्वतः या खेळातली ऑलिंपिक विजेती आणि क्रेमलिनचे प्रवक्ते दमित्री पेस्कोव्ह यांची पत्नी. तिच्या कार्यक्रमात लिथुएनियाची एक जुनी, नावाजलेली जोडी नाचून आली: मार्गारिता द्रोब्याझको आणि पोविलास वानागास. दोघं नवरा-बायको. लिथुएनियात संतापाची लाट उसळली. राष्ट्राध्यक्ष गितानास नाउसेदा यांनी दोघांना पूर्वी दिलेला राष्ट्रीय सन्मान काढून घेतला. इथवर ठीक. सन्मान ज्याने दिला त्याने तो परत मागितला, त्यात तक्रारीला जागा नाही.

पण प्रकरण तिथे मिटलं नाही. २०२३ साली कायद्यात नवी तरतूद आली आणि त्याच सप्टेंबरात राष्ट्राध्यक्षांनी द्रोब्याझकोचं नागरिकत्वच रद्द केलं. वानागासचं नाही. त्याचं करताच येत नव्हतं, कारण तो कौनासचा, जन्माने लिथुएनियन. ती मॉस्कोत जन्मलेली. १९९३ साली खास बाब म्हणून तिला नागरिकत्व मिळालं होतं. कार्यक्रम एक, बर्फ एक, हातात हात. गुन्हा म्हणायचा तर तोही निम्मा निम्मा. शिक्षा मात्र अशी की त्याचा सन्मान गेला आणि तिचा देश गेला.

सोचीच्या त्या कार्यक्रमाची वकिली मला करायची नाही. शेजारच्या देशात माणसं मरत असताना पेस्कोव्हच्या घरच्या मांडवात जाऊन नाचणं हा कोडगेपणाच होता. माझा प्रश्न वेगळा आहे. खेळासाठी म्हणून दिलेलं नागरिकत्व ही नेमकी काय चीज असते, आणि मुळात खेळण्यासाठी ते लागावं का? माझं म्हणणं असं, की खेळाडू कुठल्या देशाकडून उतरणार हे ठरवायला पासपोर्ट हे चुकीचं माप आहे. आणि त्या मापाच्या हट्टापायी वेगवेगळे देश नागरिकत्वाची एक दुय्यम प्रत छापून बसलेत, जी हवी तेव्हा देता येते आणि हवी तेव्हा परत घेता येते.

हे सगळ्यात उघडं पडतं ते आइस डान्समध्ये, म्हणून आधी त्या खेळाबद्दल थोडं. हिवाळी ऑलिंपिक आपल्याकडे फार कोणी बघत नाही, आणि जे बघतात त्यांना फिगर स्केटिंग म्हणजे हवेतल्या उड्या आठवतात. आइस डान्समध्ये त्या उड्या नाहीत. जोडीदारणीला फेकणं नाही, डोक्यावर हात ताठ करून तिला तोलून धरणं नाही. १९७६ पासून ऑलिंपिकमध्ये असलेल्या या प्रकारात सगळी करामत पायाखालच्या पात्याची. पात्याला दोन कडा असतात, एक आतली, एक बाहेरची. कुठल्या ठोक्याला वजन कुठल्या कडेवर होतं, हे परीक्षक चित्रण पुन्हा फिरवून तपासतात. ट्विझल नावाचा एक भाग असतो. दोघं एकेका पायावर भिंगरीसारख्या गिरक्या घेत बर्फावरून सरकत जातात, एकमेकांपासून हातभर अंतरावर, एकमेकांना न धरता. एकाची गिरकी किंचित मागे पडली की हातभराचं दीड हात होतं आणि ते शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं. आपली चूक जोडीदाराच्या आड लपवायची सोयच नाही.

असं जुळायला वर्षं जातात. उंची जुळावी लागते, गुडघा किती वाकतो ते जुळावं लागतं, ठोका ऐकल्यावर पाय किती चटकन उचलला जातो तेही. त्यात पुन्हा मुलग्यांचा दुष्काळ, आणि तो जवळजवळ सगळीकडे. बर्फावर शंभर मुली येतात तेव्हा मोजके मुलगे येतात, आणि त्यातल्या निम्म्यांना आइस हॉकी ओढून नेते. लिथुएनियाची लोकसंख्या तीस लाखांच्या आत. कौनासमध्ये एखादा चांगला मुलगा तयार झालाच, तर त्याच्या उंचीची, त्याच्या तोडीची मुलगी त्याच गावात मिळेल हा निव्वळ योगायोग. म्हणून शोध सीमेपलीकडे जातो. ओळखीचे प्रशिक्षक चिठ्ठ्या पाठवतात, मुली विमानाचं तिकीट काढून दोन दिवस ‘बघायला’ जातात, पटलं तर मुक्काम हलवतात. कांदेपोह्यांचाच कार्यक्रम, फक्त पायात स्केट्स घालून.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनने हे वास्तव केव्हाच मान्य केलं. त्यांच्या नियमानुसार जोडीतला एक जण त्या देशाचा नागरिक असला की भागतं. दुसऱ्याने आधीच्या देशाकडून मोकळीक घ्यायची, ठरलेला काळ थांबायचं, आणि मग युरोपीय स्पर्धा असो की जागतिक, खुशाल त्या झेंड्याखाली उतरायचं. ऑलिंपिकला हे मान्य नाही. ऑलिंपिक चार्टरचा नियम ४१ सांगतो की प्रत्येक स्पर्धक ज्या देशाकडून उतरतो त्याचा नागरिक असलाच पाहिजे. परिणाम असा, की जी जोडी जागतिक स्पर्धेत लिथुएनियाची असते, तीच ऑलिंपिकच्या दारात कोणाचीच नसते. तीन वर्षं चालून गेलेलं नातं चौथ्या वर्षी कागद मागतं.

त्या दारात सगळ्यात जास्त वेळ ताटकळलेली बाई म्हणजे ॲलिसन रीड. जन्म अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला, आई जपानी, वडील अमेरिकी, वाढली न्यू जर्सीत. थोरली बहीण कॅथी आणि भाऊ ख्रिस हे दोघं मिळून जपानकडून नाचायचे. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकला तिन्ही भावंडं होती: कॅथी आणि ख्रिस जपानच्या चमूत, आणि १५ वर्षांची ॲलिसन जॉर्जियाच्या. ओतार जापारिद्झे या जोडीदारासाठी ती जॉर्जियाची झाली होती, आणि नागरिकत्व हातात पडलं होतं ते ऑलिंपिकच्या तोंडावर. त्याच ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी सरावात जॉर्जियाचा लूजपटू (बर्फाच्या उतारावरून घसरगाडी हाकणारा) नोदार कुमारिताश्विली गेला, आणि त्या चिमुकल्या चमूने काळ्या फिती लावून संचलन केलं. ज्या देशाची ती जेमतेम महिन्याभरापूर्वी झाली होती, त्याचं सुतक तिच्याही वाट्याला आलं. जॉर्जियाकडून ती नाचली, जोडी २२ वी आली, पुढे फुटली. मग इस्रायलसाठी एक जोडीदार झाला. तेही टिकलं नाही. २०१७ पासून ती कौनासच्या साउलियुस अम्ब्रुलेविचियुसबरोबर आहे.

तीन देश म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात. संधिसाधू, भाडोत्री, असे शब्द लगेच तोंडात येतात. पण कारकीर्द नीट बघा. ती देश बदलत नव्हती, जोडीदार शोधत होती, आणि दर जोडीदारामागे एक देश चिकटून येत होता. एकेरीत खेळणारी असती तर हा प्रश्नच आला नसता. शिवाय जॉर्जिया किंवा लिथुएनियाकडून खेळून काही घबाड मिळतं असंही नाही. असल्या छोट्या देशांतले खेळाडू बहुतेकदा आईबापांच्या पैशांवर आणि उन्हाळी शिकवण्यांवर उभे असतात.

अम्ब्रुलेविचियुस आणि रीड यांनी बीजिंगच्या ऑलिंपिकसाठी लिथुएनियाला एक जागा मिळवून दिली. तिच्या नागरिकत्वाचा अर्ज झाला. नाउसेदांनी नकार दिला. लिथुएनियाचं संविधान दुहेरी नागरिकत्वाला अगदी मोजक्या बाबतींतच वाट देतं, आणि ती अपवादाची वाट इथे उघडावी असं त्यांना वाटलं नाही. देशाने मिळवलेली जागा देशाकडेच राहिली, म्हणून २०२२ मध्ये बीजिंगला दुसरी लिथुएनियन जोडी गेली: पाउलिना रामानाउस्काइते आणि देविदास किझाला. त्यांचा यात काडीचा दोष नाही. पण ज्यांनी जागा कमावली ते दोघं ती स्पर्धा घरी बसून बघत होते.

इथे माझ्या सूराचे बरेच लोक राष्ट्राध्यक्षांवर घसरतात. मी घसरणार नाही. लिथुएनियात ‘खास बाब’ म्हणून दिलेल्या नागरिकत्वाने एक राष्ट्राध्यक्ष बुडवला आहे. २००३ साली रोलांडास पाक्सास यांनी युरी बोरिसोव्ह नावाच्या रशियन वंशाच्या उद्योगपतीला असंच खास नागरिकत्व दिलं. हा बोरिसोव्ह त्यांच्या निवडणुकीचा मोठा देणगीदार. संविधान न्यायालयाने तो हुकूम घटनाबाह्य ठरवला, इतरही आरोप सिद्ध धरले, आणि एप्रिल २००४ मध्ये संसदेने पाक्सास यांना पदावरून दूर केलं. महाभियोगाने हटवलेला युरोपातला तो पहिला राष्ट्रप्रमुख. एवढं झाल्यावर पुढचा कुठलाही राष्ट्राध्यक्ष त्या कलमाखाली सही करताना पेन दोनदा झटकणार, हे उघड आहे. शिवाय १९९० नंतर देश सोडून लंडन-शिकागोत गेलेल्या खुद्द लिथुएनियन लोकांनाच, थोडे अपवाद सोडले तर, दुहेरी नागरिकत्व नाही. मे २०२४ मध्ये त्यासाठी सार्वमत घेतलं गेलं. मत देणाऱ्यांपैकी सुमारे ७४ टक्के ‘हो’ म्हणाले, तरी ठराव पडला, कारण असल्या दुरुस्तीला एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी निम्म्याहून अधिक लागतात. आपल्याच लेकरांना दार बंद ठेवणारा देश माँट्रियालमध्ये सराव करणाऱ्या अमेरिकी मुलीला ते एका पदकाच्या आशेवर कसं उघडेल?

हो, माँट्रियाल. हे टाळून पुढे जाता येणार नाही. ही जोडी लिथुएनियात राहतच नाही. त्यांची अकादमी कॅनडात आहे, तिथे निम्म्या जगाच्या जोड्या एकाच बर्फावर एकमेकींना चुकवत फिरतात. नागरिक होणं म्हणजे कर भरणं, मत देणं, शाळेच्या दारात शेजाऱ्यांशी भाषेत अडखळत बोलणं, असं मानलं तर रीड बीजिंगच्या आधी लिथुएनियाची नागरिक नव्हती, आणि नाउसेदांचा नकार प्रामाणिक होता. चूक लिथुएनियाच्या राजधानीत, विल्नियसमध्ये झालीच नाही. चूक आहे लोझानमध्ये, जिथे बसून ऑलिंपिक समिती सांगते की नाचायचं असेल तर आधी मतदार व्हा.

या नियमाने देशांना दोनच पर्याय उरतात. एक, रीडसारखीला घरी बसवणं. दुसरा, कायदा वाकवणं. अमेरिकेने तो वाकवला. टॅनिथ बेल्बिन ही कॅनडात जन्मलेली मुलगी बेन अगोस्टोबरोबर अमेरिकेकडून नाचायची. २००२ च्या ऑलिंपिकला ती नागरिकत्वाअभावी मुकली होती. २००६ चं ट्युरिन तोंडावर आलं तेव्हा मिशिगनचे सिनेटर कार्ल लेविन यांच्या पुढाकाराने एका विधेयकात तिच्यासारख्यांची सोय घुसवण्यात आली, आणि ३१ डिसेंबर २००५ रोजी, वर्षाच्या अखेरच्या दिवशी, तिने शपथ घेतली. दोन महिन्यांच्या आत रौप्यपदक. आइस डान्समध्ये अमेरिकेला ३० वर्षांनी मिळालेलं पदक. मुलीचं भलं झालं, आनंद आहे. पण त्याच रांगेत वर्षानुवर्षं उभी असलेली परिचारिका किंवा हॉटेलात भांडी घासणारा माणूस काय म्हणाला असेल? त्याच्यासाठी कुठला सिनेटर धावणार होता?

दक्षिण कोरियाने २०१८ च्या प्योंगचांगसाठी वेगळ्या तऱ्हेने हेच केलं. कॅलिफोर्नियात वाढलेली कोरियन वंशाची युरा मिन आणि तिचा अमेरिकी जोडीदार अलेक्झांडर गेमेलिन. त्याला २०१७ मध्ये कोरियन नागरिकत्व मिळालं. पारंपरिक पोशाख घालून दोघं एका कोरियन लोकगीतावर नाचले, आणि त्यातली एक ओळ, जपानशी वाद असलेल्या दोक्दो बेटांचा उल्लेख असलेली, राजकीय ठरेल म्हणून गाळावी लागली. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. त्याच उन्हाळ्यात पैशांवरून दोघांचं बिनसलं आणि जोडी फुटली. आता त्या नव्या नागरिकाचं काय? ज्या एका कारणासाठी त्याला कोरियन केलं ते कारण पाच महिन्यांत संपलं. नागरिकत्वाला अशी मुदत असते का?

द्रोब्याझकोचं उत्तर आपण बघितलं. मुदत असते, फक्त ती कोणी लिहून ठेवत नाही. घरात जन्मलेल्या मुलाने काहीही दिवे लावले तरी तो घरचाच राहतो. सून चुकली की पहिल्यांदा तिच्या माहेराचा उद्धार होतो. मॉस्कोची मुलगी ३० वर्षं लिथुएनियाची होती. १९९२ ते २००६ या काळात तिने आणि वानागासने लिथुएनियाकडून पाच ऑलिंपिक केली. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, सोव्हिएत छापातून बाहेर पडलेल्या त्या देशाला फिगर स्केटिंगमधलं पहिलं जागतिक पदक २००० साली नीसमध्ये याच जोडीने मिळवून दिलं. तेव्हा तिचं मॉस्को कोणाला खुपलं नाही. २००२ च्या नागानो जागतिक स्पर्धेत तिसरा क्रमांक हुकला तेव्हा तर अख्खा लिथुएनिया तिच्या बाजूने उभा होता. परीक्षकांच्या निकालाविरुद्ध तक्रार गेली, इतर स्केटरांनी निवेदनावर सह्या केल्या. (कांस्य गेलं इस्रायलच्या जोडीला, आणि त्यातला पुरुषही जन्माने मॉस्कोचाच. दोन छोटे देश मॉस्कोच्याच दोन लेकरांवरून भांडत होते, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.) नावका तरी वेगळी कुठे? ती जन्मली युक्रेनमध्ये, १९९४ आणि १९९८ चं ऑलिंपिक केलं बेलारूसकडून, आणि २००६ चं सुवर्ण रशियासाठी. या खेळात झेंडा आणि जन्मगाव यांची गाठ क्वचितच पक्की असते.

द्रोब्याझकोला शिक्षा करायला लिथुएनियाला हरकत नव्हती. पदकं घ्या, मानधन बंद करा, राष्ट्रीय संघाच्या कुठल्याही कार्यक्रमाला बोलावू नका. हे सगळं नवऱ्यालाही लागू झालं असतं, समसमान. पण नागरिकत्व हे वर्तनाचं बक्षीस नसतं. चोर, लबाड, देशाला शिव्या घालणारा, सगळे नागरिक असतात. म्हणून तर त्यांच्यावर खटले भरता येतात. जे गुणांसाठी दिलं, ते गुण संपले की काढून घेण्याची भाषा येणारच. म्हणून माझा आक्षेप काढून घेण्यापेक्षा देण्याच्या पद्धतीवर जास्त आहे. खास बाब म्हणून देऊच नका. आणि देण्याची गरज पडू नये म्हणून ऑलिंपिकचा नियम बदला.

यावर समोरून येणारा मुद्दा वजनदार आहे. पासपोर्टची अट काढली तर बाजार मांडला जाईल. श्रीमंत देश गरीब देशांचे खेळाडू घाऊक विकत घेतील. खरं आहे, पण हा बाजार पासपोर्टची अट असतानाच मांडला गेला. केनियाचा स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचा धावपटू स्टीफन चेरोनो २००३ साली कतारचा सैफ सईद शाहीन झाला, नाव बदललं, देश बदलला, आणि त्याच वर्षी कतारसाठी जगज्जेता झाला. पासपोर्टने त्याला अडवलं नाही. पासपोर्टनेच ते शक्य केलं. तेलाच्या पैशावर चालणाऱ्या सरकारला पासपोर्ट छापायला एक दुपार पुरते. छापता येत नाहीत ती वर्षं. म्हणूनच जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला २०१७ मध्ये देश बदलण्याची सगळी प्रकरणं गोठवून नियम नव्याने करावे लागले, आणि त्या नियमांचा कणा थांबण्याच्या काळाचा आहे.

तेव्हा माप वर्षांचंच असू द्या. एकट्याने खेळणाऱ्याला त्या देशातलं वास्तव्य, ठरावीक वर्षांचं, पुराव्यासकट. जोडीत किंवा संघात खेळणाऱ्याला, ज्याचा जोडीदार त्या देशाचा नागरिक आहे, त्या झेंड्याखाली सलग घालवलेली वर्षं. तीन म्हणा, चार म्हणा. अम्ब्रुलेविचियुस आणि रीड बीजिंगच्या वेळी चार वर्षं एकत्र होते. ते बसले असते. बेल्बिन बसली असती, सिनेटची पायरी न चढता. ऑलिंपिकच्या सहा महिने आधी पैसे टाकून आणलेला धावपटू बसला नसता. ही अट पासपोर्टपेक्षा कडक आहे, सैल नाही.

रीडला पुढे नागरिकत्व मिळालं, पण त्यासाठी तिने लिथुएनियन भाषा शिकली, आणि ही भाषा शिकणं म्हणजे सात विभक्त्यांशी झटापट. जानेवारी २०२४ मध्ये कौनासच्या भरलेल्या सभागृहात, जोडीदाराच्या गावात, त्यांनी युरोपीय स्पर्धेचं कांस्य जिंकलं. २०२६ मध्ये मिलानच्या बर्फावर ती पुन्हा ऑलिंपिकला उतरली, पहिल्या ऑलिंपिकनंतर १६ वर्षांनी. तिने भाषा शिकली याचं मला कौतुक आहे. ती शिकल्याशिवाय नाचता येणार नाही, ही सक्ती मला पटत नाही.

आता आपल्याकडे. भारताचं माप तर याहून कडक. २००८ च्या अखेरीस क्रीडा मंत्रालयाने ठरवलं की भारताकडून फक्त भारतीय नागरिकच खेळतील; परदेशी पासपोर्टवाले भारतीय वंशाचे खेळाडू चालणार नाहीत. तोवर विजय अमृतराज यांचा मुलगा प्रकाश डेव्हिस कपमध्ये भारताकडून खेळत होता. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हे धोरण उचलून धरलं. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाहीच, त्यामुळे ज्याला भारताकडून खेळायचं त्याने दुसरा पासपोर्ट परत करायचा. अराता इझुमी हा गुजराती वडील आणि जपानी आई यांचा मुलगा. पुण्याच्या फुटबॉल मैदानावर त्याला बघितलेले कितीतरी लोक आहेत. त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं तेव्हा कुठे २०१३ मध्ये तो भारताकडून उतरू शकला. फिगर स्केटिंगमध्ये अमेरिकेत जन्मलेली तारा प्रसाद हिने २०१९ मध्ये तेच केलं. आणि २०२५ मध्ये फुटबॉलपटू रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट परत केला. त्याच्या आईचं घराणं मुंबईचं अँग्लो-इंडियन, आजोबा संतोष करंडकात मुंबईकडून खेळलेले. असं सोडून आल्यावर मिळतं काय, तर १९५५ च्या कायद्याचं दहावं कलम. नोंदणीने किंवा अर्जाने झालेल्या नागरिकाचं नागरिकत्व निष्ठेच्या कारणावरून सरकार काढून घेऊ शकतं. जन्माने नागरिक असलेल्यांना ते कलम लागू नाही. द्रोब्याझकोचा कायदा आपल्या घरात केव्हाचा आहे.

आपला दुटप्पीपणा यात मौजेचा आहे. मालवण तालुक्यातल्या वराडच्या घराण्यातला लिओ वराडकर आयर्लंडचा पंतप्रधान झाला तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी त्याच्या काकूंपर्यंत जाऊन मुलाखती घेतल्या. तिथे तो ‘आपला’. मात्र त्याच पिढीतली, अमेरिकी पासपोर्ट असलेली कोणी मुलगी भारताकडून खेळायचं म्हणाली की ती परकी. गोव्यात तर हे घराघरांत आहे. १९६१ च्या आधी पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं, हजारोंनी युरोपात कामाला जाण्यासाठी ते घेतलं आहे. तसं घेतलेला मडगावचा एखादा फुटबॉलपटू त्या दिवसापासून भारतीय संघासाठी परदेशी. त्याचं गाव, त्याचं मैदान, त्याचा क्लब, सगळं तिथेच. बदललं ते एका पुस्तिकेचं कव्हर.

आणि क्रिकेट? क्रिकेटला पासपोर्ट लागतच नाही. आयसीसीच्या नियमानुसार जन्म, नागरिकत्व किंवा सलग तीन वर्षांचं वास्तव्य, यातलं काहीही एक पुरतं. मुंबईकडून रणजी आणि भारताकडून १९ वर्षांखालील विश्वचषक खेळलेला सौरभ नेत्रावळकर २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात अमेरिकेकडून उतरला, पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर त्याने टाकली आणि जिंकून दिली. मग न्यूयॉर्कमध्ये कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि रोहितलाही बाद केलं. आपण हळहळलो आणि टाळ्याही वाजवल्या. त्याची निष्ठा कोणी तपासली नाही. खेळ उत्तम झाला, देश कुठला बुडाला नाही.

पण २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला क्रिकेट ऑलिंपिकमध्ये येतंय, १९०० नंतर पहिल्यांदा. तिथे आयसीसीची तीन वर्षं चालणार नाहीत. नियम ४१ चालेल. वास्तव्याच्या जोरावर एखाद्या देशाकडून खेळणारे, पण त्याचा पासपोर्ट नसलेले खेळाडू बाहेर. वेस्ट इंडिज तर त्या नावाने उतरूच शकत नाही, कारण तो देशच नाही. प्रत्येक बेटाची ऑलिंपिक समिती वेगळी. जो प्रश्न आजवर कौनासच्या एका जोडीचा वाटत होता, तो डॅलस, ब्रिजटाउन आणि मुंबईच्या मैदानांवरून वाढलेल्या पोरांचा होणार आहे. आयसीसीने आणि आपल्या क्रिकेट मंडळाने, ज्याच्या शब्दाला या खेळात वजन आहे, ऑलिंपिक समितीकडे हा नियम बदलण्याचा आग्रह आत्ताच धरायला हवा. उशीर झाला तर कुठल्या तरी विधिमंडळात, कुठल्या तरी वर्षाच्या ३१ डिसेंबरला, एका वेगवान गोलंदाजासाठी घाईघाईने कलम घुसवलं जाईल, आणि रांगेतली परिचारिका रांगेतच उभी राहील.